गेजचा काटा वर, पाण्याची धार मंद: पोहण्याच्या तलावाला हीटर बसवला की नेमकं काय होतं?

पुण्या-नाशिककडच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये डिसेंबर-जानेवारीत पोहण्याचा तलाव बहुधा ओस पडलेला असतो. पाणी गारठलेलं, मुलं पाय बुडवतात आणि परत फिरतात. मग सर्वसाधारण सभेत विषय निघतो, वर्गणी ठरते, हीटर येतो, पाणी छान कोमट होतं. आणि थोड्याच दिवसांत नवी तक्रार सुरू होते: भिंतीतल्या नोझलमधून येणाऱ्या पाण्याला पूर्वीसारखा फोर्स नाही. पंप रूममध्ये जाऊन पाहावं तर फिल्टरवरच्या गेजचा काटा पूर्वीपेक्षा वर चढलेला. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, प्रेशर तर वाढलंय." सभासद म्हणतात, पाणी कमी येतंय. भांडण जुंपतं, आणि गंमत अशी की दोघांचंही बरोबर असतं.

हा गुंता सोडवून घेणं महत्त्वाचं आहे. तलावातलं पाणी फिरत राहिलं तरच ते गाळलं जातं आणि क्लोरीन कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. त्या पाण्यात लहान मुलं नाकातोंडात पाणी जाईपर्यंत खेळतात. त्यामुळे ‘फोर्स कमी झाला’ ही तक्रार कटकट म्हणून झटकून टाकू नये.

दाब वेगळा, प्रवाह वेगळा

दाब म्हणजे पाणी पाइपच्या भिंतीवर किती जोराने रेटा देतंय ते. प्रवाह म्हणजे तासाभरात किती पाणी पुढे गेलं ते. बोलताना आपण दोन्हींना ‘प्रेशर’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

आषाढीला पंढरपूरच्या दर्शनरांगेत मध्येच एक अरुंद वळण आलं की काय होतं, ते आठवा. वळणाच्या मागे रेटारेटी वाढते, छातीवर दाब येतो. वळणापुढे मात्र माणसं सुटी सुटी चालतात, आणि तासाला दर्शन घेणाऱ्यांची संख्या घटते. मागे दाब जास्त, पुढे प्रवाह कमी, कारण एकच: मधला अडथळा. पाइपमधल्या पाण्याचंही असंच असतं.

तलावाचा पंप रूममधला क्रम पाहिला की हे लगेच लक्षात येतं. तलावातून, किंवा ओव्हरफ्लो तलाव असेल तर बॅलन्सिंग टँकमधून, म्हणजे काठावरून सांडलेलं पाणी जमा होतं त्या टाकीतून, पंप पाणी ओढतो. पंपाच्या तोंडाशी केस-पालापाचोळा अडवणारी जाळी असते. पुढे सँड फिल्टर, मग हीटर, मग क्लोरीन सोडण्याची जागा आणि शेवटी नोझलमधून परत तलाव. गेज बसवलेलं असतं फिल्टरवर, म्हणजे हीटरच्या अलीकडे. हीटर हा नवा अडथळा गेजच्या पुढे आला, म्हणून गेज वर गेलं. नोझल अडथळ्याच्या पलीकडे आहे, म्हणून तिथली धार मंदावली.

हीटरचा हा क्रम मुद्दाम ठरवलेला असतो. फिल्टरच्या आधी बसवला तर त्याच्या बारीक नळ्यांत कचरा अडकतो. क्लोरीनच्या नंतर बसवला तर तीव्र क्लोरीनचं पाणी आतल्या धातूला खातं. तांब्याच्या नळ्या यात लवकर जातात. चांगल्या हीट पंपात, म्हणजे हवेतली उष्णता पाण्यात सोडणाऱ्या हीटरमध्ये, टायटॅनियम वापरतात ते यासाठीच.

अडथळा किती मोठा?

इथे आकडे मांडल्याशिवाय भागत नाही. पंपाची भाषा मीटरमध्ये चालते. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा तळाशी जेवढा दाब पडतो तो साधारण एक किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. गेजवर ऑपरेटर वाचतो ते हेच ‘किलो’.

आता एक तलाव धरू: १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. पाणी १,०८,००० लिटर. पंप तासाला १८,००० लिटर फिरवतो, म्हणजे सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जातं. या प्रवाहाला जाळी, फिल्टर, पाइप, नोझल मिळून १० मीटरचा विरोध होतो असं समजा, आणि पंप पाणी पूर्ण अडवलं तर जास्तीत जास्त १५ मीटरपर्यंत जोर लावू शकतो.

याला नीट हीटर जोडला. हीटरचा स्वतःचा विरोध एक मीटर, जोडणीच्या तीन इंची पाइपचा आणि वळणांचा अर्धा मीटर. एकूण दीड मीटर वाढला. हिशेब केला तर प्रवाह १८,००० वरून साधारण १७,२०० लिटरवर येतो. पाच टक्क्यांच्या आसपास घट. गेजवर फरक जेमतेम ०.०५ किलोचा, जो काट्याच्या जाडीतच लपेल. नोझलपाशी हात धरला तरी कळणार नाही.

आता तेच यंत्र घाईगर्दीत बसवलं असं धरा. हीटरच्या तोंडाशी दोन इंची जोड दिसला म्हणून सगळी लाइनच दोन इंची टाकली. हीट पंप भिंतीच्या पलीकडे मोकळ्या हवेत ठेवायचा होता, त्यामुळे जाऊन-येऊन वीस मीटर पाइप आणि आठ काटकोनी एल्बो लागले. हीटर तोच, त्याचा विरोध तोच एक मीटर. पण पाइप आणि एल्बोंचा विरोध जवळपास पाच मीटर! प्रवाह १५,२०० लिटरवर उतरतो. पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी गेलं, आणि सहा तासांची फेरी सात तासांवर गेली. हाताला कळणारी घट हीच.

पाइपचा व्यास थोडा बदलला तर एवढा फरक का पडावा? तेवढंच पाणी लहान पाइपमधून जायचं तर वेग वाढवावा लागतो, आणि घर्षण वेगाच्या जवळजवळ वर्गाने वाढतं. व्यासाचा हिशेब केला तर हा विरोध व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. तीन इंचीऐवजी दोन इंची पाइप म्हणजे दर मीटरला साडेसात पट विरोध. पाइपच्या किमतीत वाचलेले चार पैसे पंप रोज वसूल करतो, आणि तेही वर्षानुवर्षं.

माझं स्पष्ट मत असं की सोसायट्यांमधल्या या तक्रारींत हीटरला फुकट बोल लागतो. दोष पाहायचा तर आधी प्लंबिंगकडे पाहावं.

"पाणी तापून फुगलं, म्हणून प्रेशर वाढलं असेल"

ही शंका अगदी रास्त आहे, कारण घरच्या गीझरमध्ये असं खरोखर होतं. २५ लिटरच्या बंद टाकीतलं पाणी २५ वरून ६५ अंशांवर नेलं तर ते साधारण चारशे मिलिलिटरने फुगतं. त्याला वाट मिळाली नाही तर टाकीत दाब भयंकर वाढतो. गीझरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो याच कारणाने. तो गळतो म्हणून बंद करून टाकणं जिवावर बेतू शकतं.

तलाव मात्र वरून उघडा आहे. त्यातलं १,०८,००० लिटर पाणी २२ वरून २८ अंशांवर नेलं तर ते साधारण १७० लिटरने फुगेल. तलावाच्या ९० चौरस मीटर पृष्ठभागावर ही वाढ दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. दाब वाढायला जागाच नाही. उलट कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा किंचित पातळ वाहतं, त्यामुळे पाइपमधलं घर्षण थोडं कमीच होतं. तो फायदा इतका लहान आहे की तो सोडून दिलेला बरा.

"प्रवाह कमी झाला तर चांगलंच की, पाणी हळू जाईल आणि जास्त तापेल"

हा समज इतका पसरलेला आहे की काही ऑपरेटर हीटरकडचा व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धा बंद ठेवतात. हीटरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला हात लावला की तो खरंच जास्त गरम लागतो, त्यामुळे खात्रीच पटते.

हिशेब वेगळं सांगतो. ३० किलोवॅट उष्णता देणारा हीट पंप आहे. त्यातून तासाला १२,००० लिटर पाणी गेलं तर ते साधारण दोन अंशांनी तापून बाहेर येईल. ६,००० लिटर गेलं तर चार अंशांनी. एकीकडे जास्त पाणी थोडं तापलं, दुसरीकडे कमी पाणी जास्त तापलं. तलावाला मिळालेली उष्णता तेवढीच. या तलावाचं तापमान एक अंशाने वाढवायला सव्वाशे युनिट उष्णता लागते, आणि ३० किलोवॅटच्या यंत्राला त्यासाठी चार तासांहून थोडा जास्त वेळ लागणारच, व्हॉल्व्ह कसाही फिरवा.

उलट नुकसान होतं. हीट पंप हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, म्हणून एक युनिट विजेवर अनुकूल हवेत चार-पाच युनिट उष्णता देतो. त्याच्या आतलं पाणी जितकं गरम, तितकं त्याला ती उष्णता ढकलायला जास्त श्रम पडतात. पाणी रेंगाळलं की वीज जास्त जाते. आणखी रेंगाळलं की आतला फ्लो स्विच, म्हणजे पुरेसं पाणी वाहतंय की नाही हे पाहणारा पहारेकरी, यंत्र बंद पाडतो. मग ‘हीटर सारखा ट्रिप होतो’ अशी तक्रार कंपनीकडे जाते. हीटरमधून त्याच्या प्लेटवर लिहिलेला प्रवाह गेलाच पाहिजे. तिथे काटकसर नको.

"मग मोठा पंप बसवला की काम झालं"

सभेत हा उपाय हमखास सुचवला जातो, आणि मला यात सगळ्यात जास्त धोका दिसतो.

पहिली गोष्ट फिल्टरची. सँड फिल्टरमधून ठरावीक वेगाने पाणी गेलं तरच वाळू घाण धरून ठेवते. त्यापेक्षा जास्त रेटलं की घाण वाळूतून पार होऊन तलावात परत येते. जास्त पाणी फिरलं, पण गाळलं गेलं नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पंप तलावाच्या तळाच्या जाळीतूनही पाणी ओढतो. जाळी आणि तिच्यामागचा पाइप जुन्या पंपाच्या ओढीला धरून बसवलेला असतो. मोठा पंप लावला की ती ओढ वाढते, आणि लहान मूल तिथे बसलं किंवा लांब केस जाळीत गेले तर सुटणं कठीण होतं. अमेरिकेत अशा अपघातांनंतर २००७ साली तळाच्या जाळ्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा करावा लागला. पंप बदलायचाच असेल तर जाळी, सक्शनचा पाइप आणि फिल्टर यांची क्षमता लेखी तपासून घ्यावी, आणि ओढ एकाच जाळीवर येणार नाही याची खात्री करावी.

तिसरी गोष्ट विजेची. पंपाचा वेग वाढवला की वीज वेगाच्या घनाने वाढते. हेच उलटं वाचलं तर फायदा आहे: कमी-जास्त वेगाचा पंप ८० टक्के वेगावर चालवला तर वीज जवळपास निम्मी लागते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी असे पंप येताहेत. फक्त वेग उतरवला की प्रवाहही उतरतो आणि हीटर ट्रिप होऊ शकतो. तेव्हा हीटर चालू असतानाचा वेग आणि नुसतं गाळण चालू असतानाचा वेग असे दोन वेग ठरवून ठेवावेत. हीटरची वेळ दुपारची ठेवावी. पुण्यात थंडीतली पहाट दहा-बारा अंशांवर उतरते आणि त्या हवेतून उष्णता ओढणं यंत्राला महाग पडतं.

खरा उपाय: बायपास

हीटरला बहुतेक वेळा सगळ्या पाण्याची गरजच नसते. आपल्या उदाहरणात पंप १७-१८ हजार लिटर फिरवतोय आणि हीटरला बारा हजार पुरताहेत. उरलेलं पाणी त्या अरुंद वाटेने कशाला न्यायचं? मुख्य लाइनवर तीन व्हॉल्व्ह लावून दोन वाटा करतात: एक हीटरमधून, दुसरी सरळ पुढे. हीटरची गरज भागेल इतपत पाणी तिकडे वळवायचं, बाकीचं सरळ सोडायचं. विरोध खूप उतरतो. शिवाय उन्हाळ्यात हीटर पूर्ण बंद करून पाणी सरळ नेता येतं, आणि हीटर दुरुस्तीला काढला तरी तलाव बंद ठेवावा लागत नाही. हीटरच्या कोटेशनमध्ये बायपास लिहिलेला नसेल तर तो लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

बायपास असला की दोष शोधणंही सोपं होतं. आधी हीटर बंद करा, थोडा वेळ पाणी फिरू द्या म्हणजे तो निवेल. मग सरळ वाट पूर्ण उघडून हीटरकडचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. काटा जुन्या जागी उतरला आणि नोझलची धार सुधारली, तर अडथळा हीटरच्या शाखेत आहे. काही फरक पडला नाही, तर हीटर निर्दोष आहे. फिल्टर, जाळी किंवा नोझल तपासा. मी पाहिलेल्या एका पंप रूममध्ये महिनाभर हीटरच्या नावाने खडे फोडून झाल्यावर शेवटी पंपाची जाळी उघडली, तर ती गुलमोहराच्या बारीक पानांनी आणि केसांच्या गुंत्याने लिंपल्यासारखी भरलेली होती. जाळी पंपाच्या अलीकडे असते, त्यामुळे ती तुंबली की धार मंदावते आणि गेजही खाली येतं. हीटरचा अडथळा असता तर गेज वर गेलं असतं. काटा कुठल्या दिशेला सरकला, एवढं विचारलं असतं तरी महिना वाचला असता.

"गच्चीवर सोलर लावलं तर?"

तीन-चार मीटर उंचीच्या शेडवर पॅनल असतील तर तलावाचा पंप पाणी तिथवर चढवू शकतो. वर जाऊन खाली येणारं पाइपचं वर्तुळ एकदा भरलं की खाली येणारं पाणी वर जाणाऱ्याला बरीच मदत करतं, त्यामुळे विरोध मुख्यतः घर्षणाचाच उरतो. पण तलाव पोडियमवर आणि गच्ची दहा मजले वर, म्हणजे तीस मीटर, असं असेल तर पंधरा मीटरचा पंप ते वर्तुळ मुळात भरूच शकत नाही.

तिथे सोलरचं पाणी वेगळं ठेवतात. गच्ची ते पंप रूम अशी बंद वर्तुळाकार लाइन एकदाच भरायची, तिला स्वतःचा छोटा पंप द्यायचा, आणि खाली हीट एक्स्चेंजरमध्ये दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता फक्त उष्णता द्यायची-घ्यायची. तलावाच्या पंपाला तेव्हा फक्त त्या एक्स्चेंजरचा विरोध जाणवतो. मात्र त्या बंद लाइनच्या तळाशी उंचीमुळेच तीन किलोचा दाब कायम असतो, त्यामुळे तिथे साधा पाइप चालत नाही.

सोलर असो वा हीट पंप, खर्च करण्याआधी तलावाला आच्छादन घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेलं तर ९० लिटर पाण्याबरोबर साठेक युनिट उष्णता जाते, म्हणजे तलाव जवळपास अर्धा अंश थंड होतो. रात्री झाकलेल्या तलावाला लहान हीटर पुरतो, आणि लहान हीटरला कमी पाणी लागतं.

सहा महिन्यांनी पुन्हा धार मंदावली तर

तेव्हा क्षाराकडे पाहा. पाणी तापलं की त्यातला चुना गरम पृष्ठभागावर आधी बसतो, आणि तलावाच्या यंत्रणेत सगळ्यात गरम पृष्ठभाग हीटरच्या आत असतो. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांना हा त्रास जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची मर्यादा ६०० आहे; त्याच्या आसपासचं पाणी तलावात भरलं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, वर जाऊ दिला की नळ्या आतून अरुंद होत जातात. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवणं हा यावरचा स्वस्त उपाय.

हीटरच्या आधी आणि नंतर एकेक छोटं गेज बसवून घेतलं तर दोन्हींतला फरक सरळ वाचता येतो. पंपाचा वेग आणि बायपासचे व्हॉल्व्ह तसेच असताना तो वाढत गेला की क्षार साचतोय. शक्य असेल तर प्रवाह मोजणारा फ्लो मीटरच लावावा. गेज दाब दाखवतं आणि आपल्याला हवं असतं पाणी. वरच्या वाईट जोडणीच्या उदाहरणात पंधरा टक्के पाणी गेलं तेव्हा गेज हललं होतं फक्त ०.१५ किलोने.

शिवाय फिल्टरच्या गेजवरची जुनी खूण पुसून नवी करायची असते. समजा, पूर्वी स्वच्छ फिल्टरला काटा ०.८ वर असायचा आणि १.३ झाला की ऑपरेटर बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायचा. हीटरमुळे स्वच्छ फिल्टरचाच काटा आता ०.९५ वर असेल, तर तो १.३ ला फार लवकर पोचतो आणि गरज नसताना बॅकवॉश होत राहतो. पाच मिनिटांच्या एका बॅकवॉशमध्ये दीड हजार लिटर पाणी गटारात जातं, आणि आता ते तापवलेलं असतं. म्हणून हीटर बसल्यावर एकदा नीट बॅकवॉश करून, बायपास ठरवलेल्या जागी ठेवून काटा कुठे थांबतो ते पाहावं, काचेवर मार्करने रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी.